शेवटचा शब्द तेवढा येत होता

अमरावतीच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो, आणि त्यातला माझा लाडका धडा म्हणजे स्मरणशक्ती. त्या तासाला मी अंगात आल्यासारखा बोलतो. "पुस्तक उघडं ठेवून वाचलं की सगळं येतंय असं वाटतं. ओळखीचं वाटणं वेगळं, आठवणं वेगळं. पुस्तक मिटा आणि सांगा!" असं म्हणून मी समोरच्या बाकावरच्या एखाद्या गरीब जिवाला उभं करतो. तो त-त-प-प करतो आणि मी मोठ्या ऐटीत वर्गाकडे बघतो. आता ते आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

आमच्या घराण्यात लग्न असो, नव्या घराचा कार्यक्रम असो की कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, बुद्धवंदना म्हणायचे ते माझे अकोल्याचे काका. निवृत्त प्राथमिक शिक्षक, आवाज असा की माईकची गरजच नाही. त्रिसरण-पंचशील तर कुणीही म्हणतं, काका त्यापुढची लांबलचक वंदनाही अख्खी म्हणायचे आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून पोरांची असते तशी पाटी जवळ ठेवतात आणि बोलायचं ते खडूनं लिहून दाखवतात. अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

नांदगाव खंडेश्वरला एका नातेवाइकानं घर बांधलं, तिथे हा सगळा घोळ सुरू झाला. वंदना म्हणायला कुणीच पुढे येईना, तेव्हा एका जावयानं मोबाइल काढून स्पीकरला जोडला. मेणबत्त्या पेटल्या, सगळे हात जोडून उभे, वंदना निम्म्यावर आली आणि मध्येच एक बाई बनियनची जाहिरात करू लागली. लोक खाली मान घालून हसले. काका हसले नाहीत. जेवायला न बसता गाडीत जाऊन बसले आणि आम्ही मनवायला गेलो तर त्यांनी पाटी पुढे केली. 'नातीच्या लग्नात मोबाइल वाजला तर मी मंडपात पाय ठेवणार नाही.' आणि खडू सरळ माझ्याकडे रोखला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला पुतण्या, त्यातून प्रोफेसर! मी छाती फुगवून म्हणालो, "हाव ना काका! त्यात काय हाय? लहानपणापासून म्हणूनच तर राह्यलो."

दुसऱ्या दिवशी दाढी करताना सहज म्हणायला गेलो, आणि तोंडाला फेस तसाच राहिला. पहिली ओळ निघाली, दुसरीचा पहिला शब्द निघाला, पुढे सगळं सपाट. मग लक्षात आलं, की आयुष्यभर मी केलं काय, तर काकांच्या आवाजावर नुसते ओठ हलवले. ओळीचा शेवटचा शब्द आला की तेवढा मात्र दणकून म्हणायचा. शेजारच्याला वाटावं, अख्खी ओळ यानंच म्हटली. मलासुद्धा तसंच वाटत होतं! माझ्याकडे त्या वंदनेची फक्त शेपटं होती, धड एकाचंही नव्हतं.

आता हे सांगणार कुणाला? मी ठरवलं, शास्त्र आपल्याला येतं, शास्त्रानं पाठ करू. रात्री झोपण्याआधी थोडं थोडं पाठ करायचं, कारण दिवसभर गोळा केलेलं मेंदू झोपेतच नीट लावून ठेवतो. सकाळी उठलं की न बघता म्हणायचं. योजना चोख होती. पण घरात म्हणावं तर बायको ऐकणार, म्हणून सकाळचा सराव बाथरूममध्ये. वर नळ सोडायचा, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही.

"अवो, बकेट भरून वाहून राह्यली ना!" बायको दार ठोकायची. "आंघोळ करून राह्यले की भाषण?"

भाषण कसलं, माझी तर विजययात्रा चालली होती. बघता बघता अख्खी वंदना बिनचूक येऊ लागली. मग काय, बडनेरा स्टेशनावरून गाडीत बसलो आणि काकांना ऐकवायला अकोल्याला पोचलो. काकूनं च्या दिला. काका समोर पाय दुमडून बसले. मी डोळे मिटले, हात जोडले.

काहीच येईना. माझी शेपटंही कुठं पळाली कोण जाणे. मी खोकलो, पाणी प्यालो, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. आणि मग मला सगळं कळलं. ज्या जागी, ज्या आवाजात पाठ करावं, आठवण त्या जागेला आणि त्या आवाजालाही चिकटते. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. माझी वंदना माझ्या बाथरूमच्या नळाला चिकटली होती.

"काकू, जरा नळ सोडता का?" मी हळूच विचारलं.

"नळ?" काकू माझ्याकडे बघतच राहिली. "नळ परवा येऊन गेला बापा. आता यील तवा यील. तुले पाणी कायले पाह्यजे?"

अकोल्यात येऊन नळ मागणारा माझ्यासारखा शहाणा मीच. शेवटी मी लाज गुंडाळून खरं ते सांगितलं, वर मेंदूचं शास्त्रही सांगितलं. काकांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग पाटीवर लिहिलं, 'लग्न बाथरूममध्ये ठेवू का?'

हसून झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला घराबाहेर काढलं. चालता चालता म्हणायचं. माझ्या मनगटावर त्यांचं बोट ठेका धरायचं, मी अडलो की बोटही थांबायचं. पिठाच्या गिरणीजवळ म्हटलं, गच्चीवर म्हटलं, कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या गाडीपाशी म्हटलं. तो चाचा खरबूज तोलता तोलता म्हणाला, "मास्तर, तुमचा भतीजा कोणासंग बोलून राह्यला?" पुढचे सगळे रविवार मी असाच अकोल्याच्या उन्हात बडबडत हिंडलो. हिंडताना काका खुशीत असायचे. घरी आले की मात्र पाटी बाजूला ठेवून भिंतीकडे बघत बसायचे, आणि मला वाईट वाटायचं. त्यांच्याजवळ देण्यासारखी ती वंदनाच होती आणि ती घेणारा मी असा कच्चा निघालो होतो.

लग्न मे महिन्यातलं. मी आधीच चुलतभावाला, म्हणजे नवरीच्या बापाला, बजावलं होतं, "सकाळी अकराला उरकून घे. दुपारी जेवणानंतर शरीराचं घड्याळच मंद होतं, मेंदू डुलक्या घेतो." तो हाव म्हणाला. पण अचलपूरहून येणारी वरात रस्त्यात गाडी पंक्चर होऊन अडकली आणि माझं घड्याळ बसलं बोंबलत. भूक लागली म्हणून मी जिलबी खाल्ली, वर मठ्ठा झाला. बायको म्हणाली, "खा, खा. मंग माईकवर घोरा." वरात आली तेव्हा भर दुपार होती, कूलर गरम हवा फेकत होते आणि मी जांभया गिळत होतो.

मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. पांढऱ्या साडीतली पुतणी आणि नवरदेव हात जोडून उभे राहिले. काका पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, हात जोडलेले, पाटी मांडीवर. मी माईक धरला. त्रिसरण झालं, पंचशील झालं, लांब वंदनाही सुरू झाली. मंडप माझ्यामागे म्हणत होता आणि मला वाटलं, जमलं बापा! तेवढं वाटलं आणि तिथेच अडलो.

पुढचा शब्द नाही. माईकमध्ये माझाच श्वास ऐकू येत होता. मागे कुणीतरी खोकलं. तो मोबाइलवाला जावई खिशात हात घालताना मला दिसला. मी काकांकडे पाहिलं.

काकांचे ओठ हलत होते. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, शाळेत पहिलीच्या पोरांसमोर हलवावेत तसे. मी ते वाचलं आणि म्हटलं. पुढचा शब्द आला, त्याच्या पुढचाही आला, ओळ धावायला लागली. जावयाचा हात खिशातून बाहेर आला. आता मला आधाराची गरज नव्हती, तरी काका थांबले नाहीत. माझ्या आवाजावर ते अख्खी वंदना म्हणत होते, डोळे मिटून, मान हलवत, पूर्वीसारखेच. ऑपरेशननंतर मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणता म्हणता मला रडू फुटलं.

शेवटची ओळ आली. जो शेवटचा शब्द मला लहानपणापासून येत होता, जो मी आयुष्यभर दणकून म्हटला, तोच नेमका माझ्या तोंडून निघेना. तो सगळ्या मंडपानं म्हटला. काका आणि मी, आम्ही दोघं नुसते ओठ हलवत होतो.