येसाजीरावांचं चोंदलेलं नाक

…तर दामोदररावांच्या तोंडातून फेस येऊ लागला, इथवर काल गोष्ट आली होती. फेस कसला, तर शिकेकाईचा. दंतमंजन समजून गृहस्थ चार दिवस शिकेकाईनं दात घासत होते, आणि त्यांच्या पत्नी भागीरथीबाईंनी दंतमंजनानं केस धुतले होते.

हे सगळं कर्तृत्व म्हैसूरजवळच्या हिनकलच्या येसाजीरावांचं. वय वर्षं एक्याऐंशी. पूर्वी सायकलच्या मागं पत्र्याची पेटी बांधून सगळं म्हैसूर पालथं घालायचे. मंजन, शिकेकाई, बाळकडू, सर्दीचा बाम, पायाच्या कुरपाचं मलम. बाई दारात आली की आधी तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी, मग पेटी उघडायची. आता सायकल गेली, पेटीची पिशवी झाली आणि गिऱ्हाईक म्हणून म्हैसुरातल्या गोकुलममधलं दामोदररावांचं एकच घर उरलं. बाकीची घरं मोबाईलवरून माल मागवू लागली. हेही सुटलं, तर सकाळी उठून चपला घालायच्या कशासाठी, हा येसाजीरावांपुढचा खरा प्रश्न.

त्यांनी जन्मात कधी डबीवर चिठ्ठी चिकटवली नाही. "मामंजी, नाव तरी लिहा," असं सून नागरत्ना म्हणाली, की ते नुसते नाकाकडे बोट दाखवायचे. डबी उघडायची, हुंगायची, पुडी बांधायची. त्या आठवड्यात मात्र नाक पार चोंदलेलं. पण सर्दीचा बाम विकणाऱ्यानं मला सर्दी झालीय म्हणून सांगायचं कुणाला? मुकाट्यानं पुड्या बांधल्या आणि सिटी बसनं नेऊन पोचवल्या.

दामोदररावांकडून बोलावणं आलं तेव्हा ते शिंक दाबतच पायऱ्या चढले.

"बसा," भागीरथीबाई म्हणाल्या. "कापी देते. पण आधी सांगा, माझ्या डोक्याला लवंगेचा वास का मारतोय? देवळात पुजारी आरती सोडून मागं वळून बघत होता."

"एनप्पा, काय हे येसाजी," दामोदरराव म्हणाले, "बोलायला तोंड उघडलं की बुडबुडे. नातीनं व्हिडिओ काढला माझा."

"दात कसे झालेत पण?" येसाजीरावांनी चाचपडत विचारलं.

"चकचकीत."

"मग तक्रार कसली?"

"साकु, पुरे," बाईंनी हातानंच थांबवलं. "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पुढची पुडी तुमच्याकडून घ्यायची की नाही, ते मला आज ठरवायचंय. काय झालं ते खरं सांगा."

येसाजीरावांनी खरं सांगण्यासाठी श्वास घेतला, आणि इतका वेळ दाबलेली शिंक बाहेर पडली. एक नव्हे, लागोपाठ सहा. दामोदररावांनी आपला कॉफीचा पेला उचलून छातीशी धरला. भागीरथीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"म्हणजे सर्दी झालीय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आणि स्वतःचाच बाम लावला नाहीत?"

येसाजीरावांनी उपरण्यानं नाक पुसलं.

"लावला की, बाई. चार दिवस कपाळाला चोळतोय. पण तो बाम आहे की कुरपाचं मलम, हे नाक उघडल्याशिवाय कसं सांगू?"