मधल्या खोलीतली काकू

सुताराची करवत आणि गादीवाल्याचा कापूस एकाच अंगणात नांदत होते, आणि मधल्या खोलीत काकूचं शिलाई मशीन. सुतार खुर्ची करायचा, गादीवाला तिची गादी भरायचा, काकू खोळ शिवायची. त्या खोळींवर तिचं घर चाले. म्हणून भुशावरून दोघं हातघाईवर आले आणि सुतार दुकान हलवायची भाषा करू लागला, तेव्हा काकूला मध्ये पडावंच लागलं.

आधी तिनं आपल्या बायकांचा नेहमीचा उपाय केला. याच्या शिव्या वाटेत गाळायच्या आणि त्याला गोड करून सांगायचं. चार दिवस बरं चाललं. मग दोघं नळावर भेटले, आणि आपण काकूकरवी माफी मागितली होती हे सुताराला तिथं कळलं. भांडण होतं तिथंच राहिलं, वर काकूची पत गेली.

मोठी माणसं याला वाटाघाटी म्हणतात, टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडतात. काकूकडे बाक होता. त्यावर तिनं दोघांना शेजारी शेजारी बसवलं. समोर बसलं की माणूस शिंगं रोखतो. म्हणाली, ‘‘आपलं गाऱ्हाणं कुणी काढायचं नाही. त्याचं तू सांग, तुझं तो सांगेल. ज्याचं आहे तो हो म्हणेपर्यंत सांगायचं.’’

सुतार म्हणाला, त्यात काय अवघड, ह्याच्या कापसात भुसा जातो. गादीवाल्यानं मान हलवली, नाही. मग करवतीचा आवाज? तेही नाही. सुतार चिडला, मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, ‘‘माझ्या फळ्या तुझ्या दारापुढे उभ्या असतात. गिऱ्हाइकाला तुझं दुकानच दिसत नाही.’’

‘‘हो,’’ गादीवाला म्हणाला. आवाज एवढासा झाला होता. गिऱ्हाईक तुटलंय हे तोंडानं सांगायची लाज, म्हणून बिचारा भुशाच्या नावानं ओरडत होता.

त्याच्या पाळीला त्यालाही घाम फुटला, पण सापडलं. सुताराच्या बाजूला ऊनच येत नाही, फळ्या वाळवायच्या कुठं?

शेवटी फळ्या काकूच्या उन्हाकडच्या भिंतीला लागल्या. तिच्या खिडकीतला उजेड अर्धा गेला. भुशावरून कुरबुर अजून होतेच, दोघं काही गळ्यात गळे घालत नाहीत. पण सुतार राहिला, खुर्च्या येतात. काकू मशीन दाराशी ओढून शिवते, आणि सुतार फळी न्यायला आला की म्हणते, ‘‘ती रुंद आधी ने रे बाबा. माझं गाऱ्हाणं सांगायला तिसरं कुणी नाही.’’