सुटलेले स्क्रू

सुताराची केमो संपून दीड महिना झाला होता. रिपोर्ट चांगले होते, केसही पुन्हा उगवू लागले होते. अंगातली ताकद मात्र गेली ती गेलीच. तरी "मी काय काचेचा आहे?" म्हणत तो वर्कशॉपमध्ये धाकट्या भावाच्या हातातलं काम ओढून घ्यायचा. चार वेळा रंधा मारला की छाती भात्यासारखी चालायची. मग फोन आल्याचं सोंग करून तो फळ्यांच्या आड जाऊन बसायचा.

एका शिक्षिकेच्या कपाटाचं दार त्यानेच बसवलं. बोटांना मुंग्या आलेल्या, स्क्रू शेवटपर्यंत पिळवेनात. "चालतंय," म्हणून त्याने तसेच सोडले. आठवड्यातच दार निखळून बाईंच्या पायावर पडलं.

बाई लंगडत आल्या. "हे कुणाचं काम?"

सुताराने भावाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं. बाईंनी भावाला फैलावर घेतलं, "थोरला आजारी असताना तरी नीट वागावं माणसानं!"

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, बाई."

त्या रात्री सुताराने भरलं ताट बाजूला सारलं. बायकोला वाटलं, औषधांनी मळमळतंय. त्याने तेही वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या घरी निघाला. दोनच मजले चढायचे होते, पण तीनदा पायरीवर बसावं लागलं.

"बाई, ते स्क्रू माझे होते."

"मग काल का नाही बोललात?"

तो धापा टाकत चौकटीला टेकला. बाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. 'असू द्या' मात्र म्हणाल्या नाहीत.

परत येऊन त्याने भावाला सगळं सांगितलं. भाऊ फळी घासतच म्हणाला, "ठाऊक आहे रे दादा. महिनाभर तुझे स्क्रू मीच मागून पिळतोय. हे एक दार राहून गेलं."

सुताराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"वीस मिनिटं काम, मग आराम," भाऊ म्हणाला. "डॉक्टर तुला हेच सांगून दमले. शेवटी वहिनीने मला सांगितलं."

आता सुतार उंच स्टुलावर बसून मापं आखतो, पटाशीला धार लावतो. थकला की "दमलो" म्हणतो आणि उठतो. ताकद थोडी थोडी परततेय. पण "दमलो" म्हणताना अजूनही तो भावाकडे पाहत नाही.