रहेमतुल्लाचं चार व्हॉल्व्हांचं मशीन

सोनाळ्यात रहेमतुल्लाचे दोन धंदे होते. एक बापाकडून आलेला, एक हौसेने अंगावर घेतलेला. बापाकडून आली कल्हई. भाता, कोळसा, कथलाची कांडी, नवसागराची पुडी. हौसेचा होता लाउडस्पीकर. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली त्याने खामगावहून चार व्हॉल्व्हांचं मशीन आणलं. सोबत दोन कर्णे, एक माईक आणि ट्रकची जुनी बॅटरी. गावात अजून वीज नव्हती. बॅटरी जोडायची, व्हॉल्व्ह लाल होईस्तोवर दम धरायचा, मग बोलायचं.

लग्नात तो रेकॉर्डी लावायचा, उरुसात कव्वाल्या. पण त्याचा जीव होता कबड्डीत. स्वतः तो कधी खेळला नाही. सहा वर्षांचा असताना भट्टीतला निखारा पायावर पडला होता. डावी टाच तेव्हापासून नीट टेकत नव्हती. मैदानावर त्याला एकच जागा होती, माईकच्या मागची. तिथे बसला की तो दोन्ही संघांत खेळायचा. चढाई करणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याने सकाळी किती भाकरी खाल्ल्या, सगळं कर्ण्यातून गावभर. पकडलेला गडीही खालून हसायचा.

सामन्यांच्या आधी सोनाळ्यात कर्ण्याची परीक्षा व्हायची. हे कोणी सुरू केलं ठाऊक नाही, पण चुकत नसे. कडूबा नावाचा बकऱ्या राखणारा म्हातारा नाल्यापलीकडच्या टेकडीवर जाऊन बसायचा. टेकडीच्या मागून सातपुडा सुरू होतो. मैदानावरून कर्णेवाला एक वाक्य बोलायचा. कडूबा खाली येऊन ते वाक्य सांगायचा. बरोबर निघालं की कबड्डी मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव मशीनपुढे नारळ फोडायचे. मगच मैदानावर चुना पडायचा.

सहा वर्षं नारळ फुटला. सातव्या वर्षी कडूबा खाली आला आणि म्हणाला, आवाज आला, बोल नाही आले.

उत्तमरावांनी त्या वर्षी चालवून घेतलं. नारळ फोडला, पण हळू फोडला. सामन्यांत मशीन घरघरत राहिलं. ऐन चढाईत आवाज बुडायचा. रहेमतुल्ला मशीनवर थाप मारायचा, आवाज यायचा, पुन्हा जायचा. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले. शेवटच्या दिवशी उत्तमरावांनी त्याला बाजूला घेतलं. पुढच्या दिवाळीनंतर सामने आहेत, तोवर नवं मशीन आण, नाहीतर अकोटच्या माणसाला बोलावतो, असं सांगितलं. रागाने नाही सांगितलं. म्हणूनच ते रहेमतुल्लाला जास्त लागलं.

पैसे नव्हते असं नाही. सुगराबीने, त्याच्या बायकोने, पत्र्याच्या डब्यात साठवलेले होते, आणि ते मशीनसाठीच होते. प्रश्न पैशांचा नव्हता. प्रश्न होता आत्ता घ्यायचं की थांबायचं.

तो एसटीने खामगावला गेला. ज्या दुकानातून पहिलं मशीन घेतलं तिथे मालक शेषराव बसले होते. शेषरावांनी दुप्पट ताकदीचं मशीन काढून काउंटरवर ठेवलं. निळ्या रंगाचं, समोर काच. रहेमतुल्लाने त्यावरून हात फिरवला. मग शेषरावांनी विचारलं, कर्णे कोणते आहेत? जुनेच, हे ऐकून त्यांनी मान हलवली. हे मशीन त्या कर्ण्यांच्या मागची आवाजाची युनिटं जाळून टाकील. कर्णेही नवे घ्यावे लागतील. मग बॅटरीही पुरणार नाही, दोन लागतील. रहेमतुल्लाने मशीनवरचा हात काढून घेतला. एक वस्तू बदलायला आला होता, आता जुन्यातलं उरणार होतं ते फक्त माईक आणि त्याचा गळा.

निघताना शेषरावांनी आवाज खाली आणला. मुंबईला बिनव्हॉल्व्हची मशीनं निघाली आहेत म्हणे. तापवायची गरज नाही, बॅटरी खात नाहीत, काखेत मावतात. साल-दोन सालात इकडे येतील. तेव्हा हे निळं मशीन कोंबड्यांच्या खुराड्याला लावावं लागेल. आता तुम्हीच ठरवा.

दुकानदाराने स्वतःच्या मालाबद्दल असं बोलावं याचं रहेमतुल्लाला नवल वाटलं. एसटीत बसल्यावर त्याला वाटलं, हा माणूस खरं बोलला. शेगावला गाडी थांबली तेव्हा वाटलं, हा माणूस उधारीवरचं गिऱ्हाईक समजून टाळत होता. सोनाळा येईपर्यंत काहीच वाटेनासं झालं.

गावात प्रत्येकाला वाटत होतं. मोतीरामच्या हॉटेलात महिनाभर दुसरा विषय नव्हता. अर्धे म्हणत घेऊन टाक, अर्धे म्हणत थांब. ज्याच्या घरी साधा रेडिओ नव्हता तोही व्हॉल्व्हवर बोलायचा. मोतीराम स्वतः कपबशा विसळत म्हणाला, "रहेमतुल्ला, तुह्या मशीनले आता कल्हई कर बे, चमकून जाईन."

सगळे हसले. रहेमतुल्लाही हसला. पण चहा अर्धा टाकून उठला.

दसऱ्याला उत्तमराव त्याच्या दाराशी आले. त्यांनी तोडगा आणला होता. निळं मशीन मंडळ घेईल, कर्ण्यांसकट. ठेवायचं मंडळाच्या खोलीत. रहेमतुल्लाने सामन्यांपुरतं यावं, बोलावं, जावं. थांबायचं असेल तर त्याने खुशाल थांबावं, त्याचे पैसेही वाचतील.

रहेमतुल्ला एका पातेल्यावर कथील फिरवत होता. हात थांबला नाही.

"दुसऱ्याच्या मशीनवर म्या बोलत नाही, भाऊ."

"अरे, काऊन पण? तुलेच तर देऊन राह्यलो."

"देऊन नाही राह्यले. बसवून राह्यले. मशीन म्या घेईन. पण माह्या वख्ताले घेईन. तुमच्या नाही, अन् खामगाववाल्याच्याही नाही."

"आन् परीक्षेले काय करशील?"

"हेच लावीन."

उत्तमराव जायला वळले. मग म्हणाले की अकोटच्या माणसाला ते परीक्षेच्या दिवशीच बोलावून ठेवतील, कडूबाला बोल कळले नाहीत तर तिथेच त्याचे कर्णे चढतील. रहेमतुल्ला म्हणाला, बोलवा.

ते गेल्यावर सुगराबी बाहेर आली. घरात दोघं हिंदी बोलत. तिने एवढंच विचारलं, जबान दे दिये, अब आवाज कहां से लाओगे? तो पातेलं पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने मशीन अंगणात आणलं आणि तळाचं झाकण काढलं. हे तो दर वर्षी करायचा. हंगामाआधी मशीन उघडायचं, आतल्या तारांचे डाग, म्हणजे कथलाने जोडलेले सांधे, पाहायचे, जो सैल वाटेल त्याला नव्याने डाग द्यायचा. डाग देण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. तार तापवायची, वर चिमूटभर नवसागर, पांढरा धूर निघाला की कथील. बापाने शिकवलं तसं. या वर्षी तर तो सगळेच डाग नवे करणार होता. पुडी सोडून ठेवली होती.

सुगराबी शेजारीच तांब्याचा हंडा घासत होती. कोण्या गिऱ्हाइकाने परत आणलेला, कल्हई न टिकलेला. ती हंडा घेऊन उठली, मशीनवर वाकली आणि तशीच राहिली. हंड्याच्या काठाला आतून, नवसागर धुवायचा राहिला होता तिथे, हिरवा थर आला होता. मशीनमध्ये, प्रत्येक डागाभोवती, तोच हिरवा थर होता.

"ये पुराना नहीं हुआ जी," ती म्हणाली. "ये तुमारे हाथ का है."

त्याने एका तारेवर नख मारलं. हिरवी भुकटी पडली आणि तार तुटून हातात आली. शेजारची ओढली, तीही आली. भांड्याला नवसागर लावला तर भांडं लगेच पाण्याने धुतात. मशीन कोण धुतं? सात वर्षं त्याने आपल्या हाताने मशीनमध्ये नवसागर भरला होता. जितकी काळजी घेतली तितकी तार खाल्ली गेली. ज्या वर्षी आवाज बुडू लागला त्या वर्षी त्याने दोनदा डाग दिले होते.

तालुक्यातला पहिल्या नंबरचा हात. तो हाताकडे बघत बसला. मग एकदम त्याला हसू आलं. सुगराबीला वाटलं, रडतो आहे.

त्याने खामगावला पोस्टकार्ड टाकलं. विचारायची लाज वाटली तरी विचारलं, मशीनला डाग कशाने देतात? शेषरावांचं उत्तर एका ओळीचं आलं. राळेने द्यावा, नवसागराने कधीही नाही. राळ तर वाण्याकडे धुपात मिळत होती. सात वर्षं रहेमतुल्लाच्या दारासमोर मिळत होती.

आठ दिवस त्याने कल्हईचं काम घेतलं नाही. चाकूने एकेक डाग खरवडला. सडलेल्या तारा काढल्या, नव्या घातल्या. सुगराबी राळ कुटून द्यायची आणि कोणती तार कुठून निघाली ते सांगायची. तारा निघताना तिने पाहून ठेवलं होतं, त्याने नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी अकोटचा माणूस खरंच आला होता. त्याचे कर्णे बैलगाडीतच होते, पोत्यांनी झाकलेले. मोतीरामने हॉटेल बंद ठेवलं होतं. कडूबा बकऱ्या पायथ्याशी सोडून टेकडीवर चढला आणि दिसेनासा झाला.

व्हॉल्व्ह लाल झाले. उत्तमराव म्हणाले, बोल. दर वर्षी तो देवाचं नाहीतर गावाचं काही बोलायचा. या वर्षी त्याने माईक हातात घेतला आणि सावकाश, नेहमीच्या आवाजात म्हणाला,

"कडूबा, तुही कानफाटी बकरी शालिग्रामच्या जवारीत घुसून राह्यली."

कर्ण्यातून ते गेलं. घरघर नव्हती. सातपुड्याकडून ते परत आलं, जवारीत, जवारीत. मग शांत. लोक टेकडीकडे पाहत राहिले.

पळसाच्या झुडपांतून एक पांढरं मुंडासं उड्या मारत खाली येताना दिसलं. कडूबा धावत होता. गेल्या दहा वर्षांत त्याला धावताना कोणी पाहिलं नव्हतं. तो मैदानाकडे आलाच नाही. काठी उगारून सरळ शालिग्रामच्या वावरात घुसला. तिथे बकरी नव्हती. मग त्याने मैदानाकडे तोंड करून रहेमतुल्लाच्या सात पिढ्यांना जे म्हटलं, ते कर्ण्याशिवायही सगळ्यांना ऐकू आलं.

अकोटचा माणूसच आधी हसला. उत्तमरावांनी नारळ घेतला आणि या वेळी जोरात फोडला. मग खाली वाकून विचारलं, एवढं काय केलं मशीनले?

खोटं बोलणं सोपं होतं. रहेमतुल्लाने माईक बंद केला नाही.

"मशीनले काहीच झालं नोहोतं, भाऊ. माहाच हात खराब होता. सात साल म्या त्याले नवसागर चारला. आता सोडला."

ते गावभर गेलं, टेकडीपर्यंत गेलं. पुढे महिनाभर कल्हईला येणारी प्रत्येक बाई नवसागरावरून एक टोमणा मारून गेली. त्याने सगळे ऐकून घेतले.

ते मशीन आणखी पाच वर्षं चाललं. दर दसऱ्याला कोणी ना कोणी विचारायचं, यंदा घेतो का नवं? तो म्हणायचा, नाही. कारण सांगत नसे. बिनव्हॉल्व्हची मशीनं खामगावात आली, तेव्हाही तो दोन साल थांबला. मग एका मंगळवारी, कोणी विचारलं नसताना, सुगराबीला घेऊन तो शेषरावांच्या दुकानात गेला. शेषरावांनी मशीन पुढे ठेवलं. सुगराबी म्हणाली, झाकण खोलो.

नव्या मशीनचं झाकण कोणी उघडत नाही, असं शेषराव म्हणाले. दोघंही उभेच राहिले. शेवटी त्यांनी पेचकस काढला. सुगराबीने वाकून एकेक डाग पाहिला, नाकाने वास घेतला. राळेचा होता.

मग तिने पैशांचा डबा उघडला.