चिमूटभर वर

चहा भरणाऱ्या बाईच्या पदरात दिवसभर पूड साठते, घरी जाऊन पदर झटकला की पडते. किस्स्यांचंही तसंच. साकीनाक्याच्या गाळ्यात हिरा आणि पार्वती आसामच्या छोट्या शेतकऱ्यांचा चहा पाकिटांत भरतात, मी लेबलं लावते. मला वाचता येत नाही, पण लेबल उलटं लागलं की लगेच कळतं. त्यावर बाईचा फोटो आहे ना!

*

आमच्या मॅडम अंधेरीच्या ऑफिसातून येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी 'फेअर ट्रेड' समजावलं. मधे दलाल नाही, शेतकऱ्याला ठरलेला भाव, शिवाय गावाच्या कामासाठी वरचे पैसे. ते कशावर खर्चायचे, ते गावच ठरवणार.

हिराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे फेअर साकीनाक्यापर्यंत येतं का हो?"

मॅडमना एकदम ऑफिसचा फोन आला.

*

लेबलावरची बाई म्हणजे रुनू. स्वतःची चहाची जमीन, गावच्या गटाची पुढारी. फोटोत दात दाखवून हसते. मॅडम म्हणाल्या, योग्य भाव मिळतो म्हणून हसतेय.

पार्वती आमची मालवणची. ती म्हणाली, "फोटो काढणाऱ्यान सांगितल्यान असतला."

*

एकदा मॅडमनी आम्हाला तो चहा पाजला. उकळायचा नाही, दूध नाही, आलं नाही. वर विचारलं, कसा आहे? हिरा म्हणाली, "छान आहे. ताप आल्यावर घेईन."

*

मग गावाला वरचे पैसे मिळाले. मॅडमना वाटलं, शाळा रंगवतील, फोटो झकास येतील. गावाने मीटिंग घेतली आणि घेतला वजनकाटा!

का, तर पूर्वी पत्ती एजंटच्या काट्यावर जायची. पानं ओली आहेत म्हणत तो दर पोत्यामागे वजन कापायचा. शेजारच्या गावाचं अजून कापतो.

मॅडमचा चेहरा पडला. काट्याचा फोटो काढून कोणाला दाखवायचा?

*

यंदा मात्र वाट लागली. पोत्यांच्या हिशेबात पाकिटं कमी भरायला लागली. आमच्याकडे पोती आल्यावर तोलायची पद्धतच नाही, पाकिटांवरूनच हिशेब. मॅडमनी गावाला कळवलं, तुम्ही माल कमी पाठवता, पुढची ऑर्डर बंद. म्हणजे गाव पुन्हा एजंटच्या दारात.

तर रुनू स्वतः आली. आगगाडीने, थेट गाळ्यात. हसत नव्हती. मी पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. भरलेल्या ढिगातून एक शंभर ग्रॅमचं पाकीट उचलून काट्यावर ठेवलं. आकडा शंभराच्या वर गेला. दुसरं ठेवलं. तेही वर. तिसरंही.

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. पार्वतीचा हात अजून चहात होता. आधी ती पाकिटं बंद करायची, यंदा भरायला बसली. काट्यावर मोजून झालं की ती दर पाकिटात आणखी एक चिमूट टाकायची. मासे विकताना तिची आई टाकायची, तशी.

"गिऱ्हाइकाक चिमूटभर वर घालूक नको?" पार्वती म्हणाली. "बरा दिसता काय ता?"

रुनूला शब्द कळेनात. मॅडमनी मान खाली घालून हिंदीत सांगितलं. मग ती हसली, अगदी लेबलावरच्यासारखी. पाणी प्यायली, पार्वतीचा हात धरला आणि मॅडमना म्हणाली, "हिला माझ्याबरोबर पाठवा. शेजारच्या गावात एजंटच्या काट्यावर बसवते."