वरच्या सुराला एक पाऊल मागे

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हॅरिएटबाई गाताना वरचा सूर आला की एक पाऊल मागे सरकायच्या. भांडी विसळताना गुणगुणत असल्या तरी! मागे सायकल उभी असली तर तिच्यावर आदळायच्या, पण सरकायच्या.

मी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली, दिवसभर रिकामी. एकदा माझा रियाज ऐकून या ऐंशी ओलांडलेल्या इंग्रज बाई जिना चढून वर आल्या. मला वाटलं, झालं, आली तक्रार. पण त्या म्हणाल्या, "वरच्या सुराला पुढे काय झुकतेस? सुराला जागा दे, मुली." तेच त्यांचं पालुपद. मला मेलं ते मागे सरकणं कधी जमलं नाही.

सवय मूळची त्यांच्या आईची. आई शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात मोठमोठ्या सभागृहांत गायची. तेव्हा माइक नव्हते. ध्वनिमुद्रण म्हणजे एका भोंग्यात तोंड घालून गायचं. वरचा सूर जोरात लागला की सुई उडायची, म्हणून एक माणूस तिला खांद्याला धरून मागे ओढायचा. पुढे माइक आले, तरी आईचं पाऊल मागे जायचं थांबेना. रेडिओवर तिचे वरचे सूर पोहोचेनात. कामं बंद झाली.

"लोक म्हणाले, हिचा आवाज गेला," बाई अजून चिडायच्या. "आवाज कुठे गेला होता? पाऊल मागे गेलं होतं."

आईची एकच तबकडी उरली होती, तीही तडा गेलेली. फुटेल म्हणून बाई ती लावतच नसत. एके दिवशी मात्र स्वतः घेऊन आल्या. त्यांचे कान झपाट्याने जात होते.

"मी युनिव्हर्सिटीत विचारतो, सुई न लावता कॉपी होईल," माझा नवरा समीर म्हणाला. "काही महिने लागतील."

"महिने तुझ्याकडे आहेत. माझे कान थांबायचे नाहीत. लाव."

त्यांच्या जुन्या भोंग्याच्या ग्रामोफोनवर समीरने सुई टेकवली. दर फेऱ्याला तडा टक् करायचा. खरखरीतून भरदार, संथ आवाज आला. सूर चढू लागला तशी मी बाईंच्या मागची खुर्ची घाईने बाजूला ओढली. आवाज एकदम लांब गेला. तिकडे कुणीतरी आईला मागे ओढलं होतं.

हॅरिएटबाई एक पाऊल पुढे गेल्या. त्यांनी भोंग्यालाच कान लावला. लांबून, पण अगदी स्वच्छ, तो सूर लागला आणि टिकला.

मग तबकडी फुटली. समीरने डोक्याला हात लावला.

बाईंनी तुकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "आवाज होता. तू ऐकलास ना?"

"ऐकला, बाई," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.