वसंताचे अकरा ळ

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी नशिराबादच्या एका लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करत बसलो होतो. पलीकडून पारोळ्याच्या एसटी स्टँडवरचा कोणी अनोळखी माणूस बोलत होता. सकाळच्या जळगाव-धुळे गाडीत एक गृहस्थ बसल्या जागी गेले, त्यांच्या डायरीत पहिला नंबर तुमच्या प्रेसचा आहे, असं त्याने सांगितलं. माझा विश्वास बसेना. मी विचारलं, अंगावर काय आहे? "निळा शर्ट शे भाऊ. नि वरना खिसामा भिंग शे." भिंग म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. मी फोन ठेवला.

चार दिवसांनी वसंताच्या बायकोने, शालूवहिनींनी, दिवसकार्याच्या म्हणजे गंधमुक्तीच्या कार्डाचा मजकूर पाठवला. तो मी कोणाच्या हाती दिला नाही, स्वतः टाइप केला. अक्षरं अर्थातच वसंताची होती, त्याने काढलेली. स्वतःच्या मरणाचं कार्ड स्वतःच्याच अक्षरांत छापलं जावं, असा माणूस आमच्या धंद्यात दुसरा झाला नसेल. तेव्हा मला त्यात एक प्रकारचं समाधानही वाटलं होतं... आज त्या समाधानाची लाज वाटते.

वसंता आमच्या जळगावच्या प्रेसमध्ये जुळारी म्हणून आला तो ऐंशीच्या आसपास. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी. वर्षभरात त्याचा हात असा बसला की माझे वडील म्हणत, याला सरळ छापलेलं वाचायला आरसा लागत असेल. पुढे गावात कॉम्प्युटर आले आणि आम्ही सगळे घाबरलो. हा एकटा खूश झाला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत क्लासला जाऊन तो शिकला, मग नोकरी सोडली आणि तीन वर्षं घरात चौकटीच्या कागदावर अक्षरं काढत बसला. एकेक टिंब भरायचा, खोडायचा. वहिनी वैतागून म्हणायच्या, "यास्ना संसार बठ्ठा चौकटीमा शे." त्यातून लग्नपत्रिकांसाठी मराठी अक्षरांचा एक प्रोग्रॅम तयार झाला. नाव ठेवलं 'गिरणा', आमच्या नदीचं. खानदेशातल्या अकरा प्रेसवाल्यांनी तो घेतला, आणि पहिला मी. बाकीच्यांच्या अक्षरात पत्रिका छापली की ती सरकारी नोटीस वाटायची. वसंताच्या अक्षरात लग्न असल्यासारखं वाटायचं.

गिरणाला कुलूप होतं. सोबतची एक फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये घातल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे, आणि त्या फ्लॉपीची साधी नक्कल चालत नसे. देताना त्याने माझा हात धरून बजावलं होतं, "हाई कोणले देऊ नको. सख्खा भाऊ ऊना तरी नही." मी हसलो. मला सख्खा भाऊच नव्हता.

व्याही मात्र झाले. माझ्या सुमनचं लग्न धुळ्याला ठरलं, आणि तिचे सासरे आप्पा यांचाही प्रेसचाच धंदा. साखरपुड्याची पंगत उठली, पान खाता खाता आप्पा म्हणाले, "तुमच्या त्या गिरणाची फ्लॉपी दोन दिवस द्या बरं. पाहून परत करतो." मुलीच्या सासऱ्याने पहिल्यांदा काही मागितलेलं. हुंडा नाही, मानपान नाही, एक फ्लॉपी. आमच्याकडे मुलीच्या बापाला अशा वेळी नाही म्हणता येतं का? मी दिली. दोन दिवसांच्या ऐवजी ती तीन आठवड्यांनी आली, आणि आली तेव्हा जशीच्या तशी होती. मी ती जागेवर ठेवली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

काही वर्षं तशीच गेली. मग वसंताने घरी इंटरनेटची जोडणी घेतली. एका दुपारी त्याने मला बोलावून घेतलं. फोनच्या तारेतून आधी करकर आवाज आला, मग काळ्या पडद्यावर ओळी वर सरकू लागल्या. तो वाचून मराठीत सांगत होता. तिथे कुठल्याशा देशांतली माणसं खोटी नावं घेऊन बसली होती आणि बाजार मांडला होता. कोणी दुसऱ्याच्या इंटरनेटचे पासवर्ड विकत होता. कोणी असा प्रोग्रॅम देत होता की तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप बसेल आणि तो माणूस काय काय टाइप करतो ते कळवत राहील. एक जण परीक्षेचे गुण बदलून द्यायला तयार होता. कुलूप फोडलेल्या प्रोग्रॅमची तर जंत्रीच होती. आपल्या शनिवारच्या बाजारात लबाडी करणाराही तोंड दाखवून बसतो, इथे कोणाला तोंडच नव्हतं. वसंताने बोट ठेवलं. जंत्रीत खाली, इंग्रजी अक्षरांत, 'गिरणा' लिहिलेलं होतं. कुलूप काढलेलं.

मी पुढे वाकून ते नाव पुन्हा वाचलं. तो शांत होता. तिथे एक द्यावं तेव्हा एक मिळे, म्हणून त्याने आपल्याच इंटरनेटचा पासवर्ड टाइप करून दिला आणि आपलाच प्रोग्रॅम त्या चोरबाजारातून उतरवून घेतला. उतरायला तासाच्या वर लागला. वहिनींनी शेव आणि चहा आणून ठेवला, आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी तो प्रेसमध्ये आला. म्हणाला, एक काम कर, तुझ्या गिरणातून 'जळगाव, धुळे, पारोळा' एवढं मोठ्या अक्षरात काढून दे. मी काढून दिलं. त्याने खिशातून भिंग काढलं, कागदावर धरलं, मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चहा आला. अर्धा पिऊन झाल्यावर त्याने कपातच बघत विचारलं, "कोणाकडथून गयं व्हई रे?"

मी म्हणालो, "एरंडोलवाला व्हई. त्याना काय भरवसा नही."

"व्हई," तो म्हणाला. उरलेला चहा संपवला आणि गेला.

इतकंच. एरंडोलचा तो प्रेसवाला बिचारा सरळ माणूस होता, दरवर्षी पद्मालयाच्या गणपतीचा प्रसाद आम्हा सगळ्यांना पाठवायचा. त्याचं नाव माझ्या तोंडी इतक्या चटकन कसं आलं, याचं मला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत होतं. मी स्वतःची समजूत घातली की अकरा जणांकडे फ्लॉपी आहेत, कोणाकडूनही गेलं असेल. आप्पांना विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

त्यानंतर गिरणा कोणी विकत घेतली नाही. फुकटात फिरणारी वस्तू कोण घेणार? जोडाक्षरं सुधारून नवी गिरणा करायचं त्याने काढलं होतं, ते चौकटीचे कागद त्याने बांधून माळ्यावर टाकले. धुळ्याला एका कचेरीत मतदारयाद्या टाइप करायचं काम मिळालं. रोज सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी यायचं, दिवसभर दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर, दुसऱ्याच्या अक्षरात लोकांची नावं मारायची. रविवारी मात्र न चुकता प्रेसवर येऊन बसायचा. साखर वाढली होती, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागत होती. मी म्हणायचो, वसंता, नवं काहीतरी कर. तो म्हणायचा, "कसाले?" मी चहा सांगायचो.

गंधमुक्ती झाल्यावर वहिनींनी मला एक रजिस्टर दिलं. "आम्हाले यातलं काही कळत नही भाऊ. तुम्हीच देखा." आत अकरा पानं, प्रत्येक पानावर एका प्रेसचं नाव आणि खाली चिकटवलेला एक मोठा ळ. मला आधी काहीच कळेना. मग भिंग घेतलं. अकरा ळ अकरा तऱ्हेचे होते. एकाची शेपटी टिंबभर लांब, एकाची उजवी गाठ जरा बारीक. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने वेगळा ळ दिला होता, कोणाच्या लक्षात येणार नाही असा. माझ्या पानावर माझ्या ळच्या डाव्या गाठीत एक टिंब कमी होतं. वीस वर्षं टाइप ओळखण्याची फुशारकी मारणाऱ्या मला ते कधी दिसलं नव्हतं. त्याच पानावर खाली मी काढून दिलेला तो कागद होता, जळगाव, धुळे, पारोळा. आणि त्याच्या शेजारी चोरबाजारातल्या गिरणातून काढलेली तीच तीन नावं. सहाही ळमध्ये ते एक टिंब नव्हतं. पानावर बाकी एक शब्द लिहिलेला नव्हता.

म्हणजे चहा पिताना त्याला माहीत होतं. मला विचारलं ते मी सांगावं म्हणून... आणि मी त्याला एरंडोलचा रस्ता दाखवला. त्यानंतर दीड वर्ष हा माणूस दर रविवारी माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मला त्याचा राग येतो. त्याने मला शिवी द्यायची होती, कपबशी फेकायची होती, निदान येणं बंद करायचं होतं. कधी वाटतं, सुमनच्या संसारात खडा पडू नये म्हणून तो गप्प राहिला असेल. आप्पांचा प्रेस त्याला माहीत होता, तिची लग्नपत्रिकाही त्यानेच हौसेने सजवली होती. कधी वाटतं, तसं काही नसेल, त्याला फक्त कंटाळा आला असेल, माझा आणि सगळ्याचाच. विचारायला माणूस राहिला नाही. सुमनला मी यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

परवा नांदेडहून एका लांबच्या नातेवाइकाची पत्रिका आली. मी भिंग धरलं. माझा ळ. नागपूरची आली, तोच. घरात जपून ठेवलेलं वसंताचं गंधमुक्तीचं कार्ड काढून पाहिलं. तिथेही तोच, त्याच्याच नावाखाली. ते टिंब भरून टाकावं म्हणून मी दोन दिवस कॉम्प्युटरशी झटापट केली, पण अक्षरात हात घालायची किल्ली वसंताच्या डोक्यात होती.

आज सकाळी एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. अक्षरं गिरणाचीच हवी म्हणाले. पत्रिकेत वेळ असते, स्थळ असतं, आमच्याकडे तर जळगावही असतं. छापून निघालेला पहिला कागद माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "भाऊ, नीट देखी ल्या, काही चूक ऱ्हायनी नको." मी भिंग घेऊन दोनदा वाचलं. मग त्यांना सांगितलं, चूक नाही.